आत्मपूजेच्या विकारावर उपचार : कोठे आणि कसा शोधावा?



बेलवलीतील एका घराची कल्पना करावी. हे कोणा एका कुटुंबाचे चित्र नव्हे. प्रेषितकार्यात वर्षानुवर्षे जे कानी पडत आले त्यातून ते जुळवले आहे. घरातील कर्ता पुरुष सकाळच्या लोकलने मुंबईस नोकरीला जातो. धर्मग्रामात त्याला मान आहे. सणाच्या तयारीत तो सर्वांत पुढे असतो, पाहुण्यांशी गोड बोलतो. घरी मात्र त्याच्या मनासारखे कौतुक झाले नाही तर आठ-आठ दिवस अबोला धरतो. मुलीला उत्तम गुण मिळाले तर ते त्याच्यामुळे, कमी पडले तर ते तिच्या आईमुळे. कोणी चूक दाखविली की तो संतापतो आणि ती गोष्ट वर्षभर विसरत नाही. पत्नी आजारी पडली तरी त्याला राग येतो तो आपली गैरसोय झाली याचा. शेवटी एके दिवशी ती धर्मगुरूंकडे येते आणि विचारते, "फादर, ह्यांना नक्की झालंय तरी काय? आणि न्यायचं कुठं?"

या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण या विकारात ज्याला उपचारांची गरज असते त्यालाच ती सहसा जाणवत नाही.

विकार म्हणजे काय?

ग्रीक पुराणकथेत नार्सिसस नावाचा तरुण पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळतो आणि तेथेच झुरून मरतो. त्याच्या नावावरून मानसशास्त्राने 'नार्सिसिझम' हा शब्द घेतला. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१४ साली या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत 'नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर' या नावाने त्याची नोंद केली. मराठीत आपण त्याला आत्मपूजक व्यक्तिमत्त्वविकार म्हणू. काही जण त्याला 'स्वमग्नता' म्हणतात, परंतु तो शब्द मराठीत ऑटिझमसाठी रूढ आहे. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

निदानपुस्तिकेत नऊ लक्षणे दिली आहेत : स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, अमर्याद यश, सत्ता वा सौंदर्य यांची स्वप्ने, आपण असामान्य असून असामान्यांनाच आपण कळू शकतो असा समज, कौतुकाची सततची भूक, खास वागणूक मिळणे हा आपला हक्कच आहे ही भावना, इतरांचा स्वार्थासाठी वापर, दुसऱ्याच्या भावना जाणून घेण्याची अनिच्छा, मत्सर, आणि उद्दाम वर्तन. यांपैकी किमान पाच लक्षणे तरुणपणापासून, घरी, कामावर आणि समाजात सर्वत्र टिकून दिसली तरच तज्ज्ञ हे निदान करतात. रागाच्या भरात झालेली एखादी बढाई किंवा स्वतःचे छायाचित्र काढण्याची हौस म्हणजे हा विकार नव्हे.

या विकाराचे दुसरे रूप सहज ओळखू येत नाही. काही रुग्ण बाहेरून भिडस्त, हळवे आणि सतत दुखावलेले दिसतात. 'माझी योग्यता कोणालाच कळली नाही' हे त्यांचे मनातले पालुपद असते. दोन्ही रूपांच्या तळाशी बहुधा एकच गोष्ट आढळते : स्वतःच्या किमतीविषयी अतिशय ठिसूळ भावना. मोठेपणाचे कवच ती भावना झाकून ठेवते. म्हणूनच साधी टीकाही अशा माणसाला घाव घातल्यासारखी लागते.

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात ६.२ टक्के प्रौढांना आयुष्यात कधीतरी हा विकार असल्याचे दिसले. पुरुषांत हे प्रमाण ७.७, तर स्त्रियांत ४.८ टक्के होते. इतर पाहण्यांत आकडे पुष्कळ कमी आले आहेत. तात्पर्य इतकेच की तो पुरुषांपुरता मर्यादित नाही.

पाप की व्याधी?

आपल्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. गर्व हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे आणि त्यावर प्रायश्चित्त संस्काराचा उपाय ख्रिस्तसभा सांगते. परंतु प्रायश्चित्त संस्कारासाठी 'माझे चुकले' ही जाणीव लागते आणि या विकारात तीच जाणीव दुखावलेली असते. पत्नीला 'अधिक प्रार्थना करा, सहन करा' एवढेच सांगून परत पाठविणे म्हणजे मोडलेल्या हातावर नुसती फुंकर घालण्यासारखे आहे. फुंकर मायेची असली तरी हाड जुळवायला वैद्यच लागतो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात मेंढपाळपणाच्या कार्यासाठी मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या निष्कर्षांचाही उपयोग करावा असे सांगितले. २००८ साली व्हॅटिकनने पुरोहितपदाच्या उमेदवारांची निवड आणि जडणघडण यांत मानसशास्त्राची मदत कशी घ्यावी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ज्याच्याभोवती लोक आदराने जमतात, अशा कोणत्याही पदाला या विकाराचा धोका असतो आणि आम्ही पुरोहितही त्याला अपवाद नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हे श्रद्धा कमी असल्याचे लक्षण मानू नये. प्रार्थना आणि संस्कार उपचारांच्या काळातही चालू राहावेत. उपचारांची जागा मात्र त्यांच्याकडून भरून काढू नये.

रुग्ण कोणत्या दाराने येतो?

'मला आत्मपूजेचा विकार आहे, उपचार करा' असे म्हणत येणारा रुग्ण विरळा. बहुतेक जण दुसऱ्याच कशासाठी तरी येतात. नोकरी गेली, बढती हुकली, पत्नी माहेरी निघून गेली, मुलाने बोलणे सोडले, निवृत्तीनंतर फोन वाजेनासा झाला की मोठेपणाचे कवच तडकते. मग झोप उडते, नैराश्य येते, दारू वाढते, छातीत धडधडते. अशा वेळी माणूस डॉक्टरांकडे जायला तयार होतो. घरच्यांच्या दृष्टीने हा क्षण मोलाचा आहे.

त्या क्षणी 'तुम्हीच आजारी आहात, मी लेखात वाचले आहे' असे म्हणू नये. निदान करणे हे आपले काम नाही, आणि भांडणात वापरलेला वैद्यकीय शब्द दगडासारखा लागतो. त्याऐवजी जे त्याला स्वतःला बोचते आहे त्याविषयी बोलावे : "तुम्हाला महिनाभर झोप नाही. मला काळजी वाटते. आपण दोघं जाऊन डॉक्टरांना विचारू." झोपेच्या तक्रारीसाठी उघडलेल्या दारातून पुढे खऱ्या दुखण्यापर्यंत जाता येते.

याच वेळी धोकाही सर्वाधिक असतो. मानहानीचा घाव बसला की अशा व्यक्तीच्या मनात आत्महत्येचे विचार एकाएकी उसळू शकतात. 'हा स्वतःवर एवढे प्रेम करतो, हा कशाला जीव देईल?' असे समजू नये. मरणाची भाषा कानी आली तर तिला नाटक न मानता त्याच दिवशी तज्ज्ञांची मदत घ्यावी.

उपचार कसा असतो?

या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेले कोणतेही औषध नाही. सोबत असलेले नैराश्य, चिंता किंवा निद्रानाश यांसाठी मनोविकारतज्ज्ञ औषधे देतात आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु मूळ उपचार म्हणजे संवादातून होणारा मानसोपचार. तो साधारणपणे आठवड्यातून एकदा, तास-पाऊण तास, आणि दीर्घकाळ चालतो.

त्याच्या अनेक पद्धती आहेत. हाइन्झ कोहुट यांनी १९७१ साली आणि ऑटो केर्नबर्ग यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनी या विकारावर उपचार शक्य आहेत हा विचार रुजविला. कोहुट यांचा भर रुग्णाच्या आतल्या उणिवेला समजून घेण्यावर होता. केर्नबर्ग यांचा भर उपचारकाशी जुळलेल्या नात्यातच जो हेवा आणि जी तुच्छता प्रकट होते, ती रुग्णाला शांतपणे दाखवून देण्यावर होता. जेफ्री यंग यांची 'स्कीमा थेरपी' बालपणी मनात रुजलेल्या समजुतींवर काम करते. नेदरलँड्समध्ये या पद्धतीची चाचणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत विविध व्यक्तिमत्त्वविकारांच्या ३२३ रुग्णांचा समावेश होता आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीने अधिक रुग्ण बरे झाले. त्यांत आत्मपूजक विकाराचे रुग्ण मात्र थोडेच होते.

मराठी वाचकाला जवळची पद्धत म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली आणि किशोर मोरेश्वर फडके यांनी लेखन व प्रशिक्षण यांद्वारे ती महाराष्ट्रात रुजविली. माणसाने आपल्या कृतींचे मूल्यमापन करावे, परंतु स्वतःला 'श्रेष्ठ' किंवा 'कवडीमोल' असा शिक्का मारू नये. गुणदोषांसह स्वतःचा विनाअट स्वीकार करावा, हे तिचे एक प्रमुख सूत्र आहे. ज्याला आपली किंमत दररोज दुसऱ्याच्या टाळ्यांतून मोजावी लागते, त्याला या विचाराची फार गरज असते.

बरे होता येते का? या एका विकारापुरत्या मोठ्या चाचण्या जगात फारशा झालेल्या नाहीत आणि पुष्कळ रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, हे प्रांजळपणे सांगायला हवे. परंतु हा विकार बदलतच नाही, हा समजही खरा नाही. अमेरिकेतील मॅकलीन रुग्णालयाशी संबंधित तज्ज्ञांनी सुधारलेल्या आठ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांच्या उपचारांना अडीच ते पाच वर्षे लागली. बदल येतो, पण तो उल्हास नदीच्या पुरासारखा एका रात्रीत येत नाही.

बेलवलीहून कोठे जावे?

आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञांची संख्या तोकडी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण तज्ज्ञ नाही, प्रमाण ०.७५ इतके आहे. तरीही बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथील रहिवाशांना काही वाटा उपलब्ध आहेत.

पहिली वाट दूरध्वनीची. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. रुग्ण तयार नसला तरी घरच्यांनी स्वतः फोन करून सल्ला घ्यावा. जवळचे शासकीय केंद्र कोणते, हेही तेथे विचारता येते.

दुसरी वाट शासकीय रुग्णालयांची. उल्हासनगर कॅम्प ३ मधील मध्यवर्ती रुग्णालयात मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि वेळ यांची आधी चौकशी करून जावे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून कार्यरत आहे. 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणून त्याची भीती बाळगू नये; बाह्यरुग्ण म्हणून तपासून घेणे आणि दाखल होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत परळचे केईएम आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. या ठिकाणी खर्च अल्प असतो, पण गर्दी मोठी असते. निदान आणि औषधे यांसाठी त्यांचा उत्तम उपयोग होतो; दर आठवड्याचा दीर्घ संवाद तेथे मिळेल का, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

तिसरी वाट सेवाभावी संस्थांची. ठाण्यातील 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' म्हणजेच आयपीएच ही संस्था डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली स्थापन झाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक तेथे एका छताखाली काम करतात आणि संवाद मराठीत होतो. दारूचा प्रश्न सोबत असेल तर फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेली 'कृपा फाउंडेशन' ही संस्था आपल्या परिचयाची आहेच. व्यसन आणि आत्मपूजा एकत्र असतील तर दोन्हींवर उपचार लागतात; केवळ दारू सुटली म्हणजे घर सावरलेच असे नाही.

चौथी वाट दृक्श्राव्य संवादाची. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाविषयी अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे आली आणि मोबाइलवरून तज्ज्ञांशी भेटणे रूढ झाले. बदलापूरहून रोजचा प्रवास करून थकलेल्या माणसाला दर आठवड्याला पुन्हा ठाण्याला जाणे जड जाते. त्याला ही सोय उपयोगी आहे. अडचण एकच : लहान घरात एकांत कोठे मिळणार? धर्मग्रामांनी यासाठी पॅरिश कार्यालयातील एखादी खोली आठवड्यातून काही तास, नाव-गाव न विचारता, उपलब्ध करून द्यावी, अशी माझी सूचना आहे.

तज्ज्ञ निवडताना

प्रथम मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. ते वैद्यकीय डॉक्टर असतात. स्वतःविषयीच्या भव्य कल्पना या विकारातच येतात असे नाही. पूर्वी साधा असलेला माणूस काही दिवसांतच झोपेवाचून उत्साहाने बोलू लागला, अफाट खर्च करू लागला तर तो उन्माद असू शकतो आणि त्यावर औषधे आहेत. पन्नाशीनंतर स्वभाव एकाएकी पालटला तर मेंदूच्या आजाराची तपासणी करावी लागते. हा फरक डॉक्टरच ओळखू शकतात.

त्यानंतर मानसोपचारासाठी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ शोधावेत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ती आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्यांच्या शिक्षणात मोठी तफावत आढळते. पहिल्याच भेटीत पुढील प्रश्न विचारावेत : व्यक्तिमत्त्वविकारांच्या रुग्णांवर आपण उपचार केले आहेत का? कोणती पद्धत वापरता? किती काळ लागेल आणि खर्च किती? सुधारणा होते आहे हे कशावरून ठरवू?

'तीन बैठकांत स्वभाव बदलून देतो' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. रुग्णाची नुसती स्तुती करणारा किंवा त्याला सतत फटकारणारा उपचारकही उपयोगाचा नाही. काही भेटींनंतर रुग्ण 'त्या डॉक्टरला काही कळत नाही' असे म्हणून दुसरा, मग तिसरा तज्ज्ञ शोधू लागेल. हेही या विकाराचेच लक्षण असू शकते. अशा वेळी 'आणखी सहा भेटी होऊ द्या, मग ठरवू' असा आग्रह घरच्यांनी धरावा.

कायद्याचीही माहिती असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क आणि माहितीच्या गोपनीयतेचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मात्र समजूतदार प्रौढ व्यक्तीवर तिच्या संमतीवाचून उपचार करता येत नाहीत. पतीला दोरीने बांधून नेता येत नाही, आणि तसे करूही नये.

तो तयार नसेल तर?

मग घरच्यांनी स्वतःसाठी जावे. रुग्णाने नकार दिला म्हणून साऱ्या घराने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पत्नी, मुले, वृद्ध आईवडील यांना समुपदेशन मिळाले तर आपलेच काहीतरी चुकते आहे हा वर्षानुवर्षांचा समज गळून पडतो, आणि कोठे ठाम राहावे व कोठे वाद टाळावा हे समजते. घरातील एकाची वागण्याची रीत बदलली की दुसऱ्यालाही कधीकधी विचार करावा लागतो.

जेथे मारहाण किंवा भीती आहे तेथे पती-पत्नींनी एकत्र समुपदेशनाला बसण्याची घाई करू नये. तेथे बोललेल्या सत्याची शिक्षा घरी भोगावी लागण्याचा संभव असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत.

'विवाह हा संस्कार आहे, क्रूस म्हणून वाहा' हा सल्ला अनेक भगिनींना मिळतो. ख्रिस्तसभेच्या कॅनन कायद्याचे म्हणणे तसे नाही. १९८३ च्या संहितेतील कलम ११५३ नुसार जोडीदारामुळे शरीराला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास रास्त कारण मिळते. कलम १०९५ विवाहाची मूलभूत कर्तव्ये पेलण्याची मानसिक क्षमता विवाहसमयीच नसल्यास काय, याचा विचार करते. केवळ निदानाच्या चिठ्ठीने विवाह रद्दबातल ठरत नाही. त्याचा निर्णय धर्मप्रांतीय न्यायमंडळ पुराव्यांवरून देते. परंतु जीव मुठीत धरून जगावे, अशी मागणी ख्रिस्तसभा कोणाकडूनही करीत नाही.

शेवटी

आरंभीच्या भगिनीला आता काय सांगावे? आज घरी जाऊन पतीला आजाराचे नाव सांगू नका. आधी स्वतःसाठी १४४१६ वर फोन करा. तुम्ही आणि मुले सुरक्षित आहात ना, ते पाहा. नंतर जेव्हा त्याचे कवच तडकेल, झोप उडेल, तो प्रथमच 'मला बरे वाटत नाही' म्हणेल, तेव्हा कोणत्या डॉक्टरांकडे जायचे ते तुम्हाला आधीच ठाऊक असू द्या. पत्ता लिहिलेला कागद तयार असावा.

आणि हे वाचताना कोणाला त्या चित्रात स्वतःचाच चेहरा दिसला असेल, तर त्याने घाबरू नये. तसे दिसणे, ही उपचारांची अर्धी वाट आहे. नार्सिससला पाण्यावरून नजर हटविता आली नाही. आपल्याला ती हटविता येते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळविताही येते. ते शिकविणारे लोक ठाण्यापर्यंतच्या पाऊण तासाच्या प्रवासावर आहेत.